तंबूतली बुखारी, वाळवंटातला एसी आणि डिझेलचा हिशोब

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे आणि विषय आहे तैनात जवानांच्या तळावर गरम-गार करणाऱ्या यंत्रांना लागणारं इंधन. तुम्ही 12 तंबू धरले आणि प्रत्येकात 2 टनांचा एक एसी किंवा एक हीटर. नेमप्लेटवरचे वॅट गुणिले 24 तास, गुणिले 90 दिवस. आलेल्या युनिटांचं डिझेल काढलं आणि त्याला पेट्रोलपंपावरचा भाव लावला. सरांनी "हे मॉडेल नाही, हे लाइटबिल आहे" म्हणून वही परत दिली. आता तुम्ही विचारताय, कुठलं सॉफ्टवेअर वापरू?

सॉफ्टवेअरचं शेवटी बघू. सरांचं म्हणणं बरोबर आहे, पण लाइटबिल म्हणजेसुद्धा मीटरवर मोजलेला आकडा असतो. तुमचा तोही नाही.

मी 21 वर्षं ईएमईत, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती शाखेत होतो. जनरेटर आणि रेफ्रिजरेशन हेच काम. थंडी बघितली, वाळूही बघितली. कुठं, कुठल्या युनिटात ते सांगणार नाही, आणि तुम्हीही प्रोजेक्टसाठी कुणा ओळखीच्या फौजीकडून खऱ्या तळाची माहिती मागू नका. शिरोळ-कागलकडं घरटी कुणी ना कुणी फौजेत असतंय, त्यामुळं विचारायचा मोह होणारच. काल्पनिक तळ धरा, अभ्यासाला तेवढा पुरतो. निवृत्त झाल्यावर गेली काही वर्षं कोल्हापुरात एसी आणि कोल्डरूमची कामं घेतो. खाली जे लिहितोय ते या दोन्हीतून आलेलं आहे.

पहिली गोष्ट, तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न कोंबलेत. यंत्र किती मोठं हवं, हा एक. हंगामात इंधन किती लागेल, हा दुसरा. आणि अस्तर, सावली, दुसरा जनरेटर असं काही बदललं तर वाचेल किती, हा तिसरा. पहिल्यासाठी वर्षातला सगळ्यात वाईट दिवस बघावा लागतो. राजस्थानात फलोदीला 19 मे 2016 रोजी 51 अंश तापमान नोंदलं गेलं. यंत्राचा आकार ठरवताना असले दिवस डोक्यात ठेवायचे. पण तेच तापमान धरून 90 दिवसांचं डिझेल काढलंत तर तो आकडा कुणी जवळ करणार नाही. इंधनाला तासातासाचं हवामान लागतं. आणि तिसरा प्रश्न सगळ्यात फसवा आहे. तिथं माणसाचं वागणं मध्ये येतं. माझा बराचसा वेळ त्यावरच जाणार आहे.

आता तंबू घ्या. 8 मीटर लांब, 5 मीटर रुंद, बाजू 1.8 मीटर, मधला कणा 3 मीटर उंच. छप्पर, बाजू आणि दोन्ही तोंडं मिळून कापड होतं जवळजवळ 100 चौरस मीटर, आणि आतली हवाही जवळजवळ 100 घनमीटर. आत 12 माणसं. आकडे असे गोल आले की हिशोब तोंडी करता येतो, म्हणून मी हाच तंबू वापरतो.

बाहेर उणे 15 आणि आत अधिक 10 हवेत असं धरू, म्हणजे फरक 25 अंशांचा. एकेरी कापडाची यू-व्हॅल्यू, म्हणजे एका चौरस मीटरमधून दर अंश फरकाला जाणारे वॅट, साधारण 6 धरा, वारा असेल तर जास्तच. कापडातून जाणारी उष्णता 100 गुणिले 6 गुणिले 25, म्हणजे 15 किलोवॅट. फटींतून आणि दारातून तासाला चार वेळा हवा बदलते असं समजू. साडेतीन हजार मीटरवर हवा विरळ असते, आपल्याकडच्या साधारण पाऊणपट भरते, म्हणून तिथं 3.3 च्या ऐवजी 2.4 किलोवॅट जातात. एवढा फायदा मात्र उंची देते. माणसं झोपलेली असली तरी माणशी 70-80 वॅट देतात, 12 जणांचे 0.9. बेरीज-वजाबाकी करून लागतात 16.5 किलोवॅट.

रॉकेलच्या एका लिटरात जवळजवळ 10 युनिट उष्णता असते. बुखारी म्हणजे तंबूतली धुराड्याची रॉकेल-शेगडी, आणि त्या धुराड्यातून चांगलीच उष्णता वर निघून जाते. गुऱ्हाळावर चुलवाणासमोर उभं राहिलाय कधी? चिमणीच्या तोंडाशी जे दिसतं, तसंच. 55 टक्के आत राहते असं धरलं तर लिटरामागं साडेपाच युनिट हाती लागतात. म्हणजे तासाला तीन लिटर. अस्तर लावून यू-व्हॅल्यू 3 वर आणली तर गरज उतरते 9 किलोवॅटवर, म्हणजे तासाला 1.7 लिटरच्या आसपास. बचत 45 टक्के! प्रोजेक्टमध्ये हा आकडा ठळक टाइपात येतो, टाळ्या पडतात.

इथंच बहुतेकांचं चुकतं. माझंही चुकलं होतं.

तंबूत तासाला तीन लिटर जाळणारी बुखारी नसतेच. समजा तासाला एक लिटर जाळणारी आहे. ती देते साडेपाच किलोवॅट आणि माणसं देतात 0.9. तेवढ्या उष्णतेत एकेरी कापडाचा तंबू बाहेरपेक्षा फक्त 9 अंशांनी वर राहतो, म्हणजे आत उणे 6. अस्तर लावल्यावर फरक जातो 16 अंशांवर, म्हणजे आत अधिक 1. आता सांगा, अधिक 1 अंशाला कुठला जवान उठून बुखारी बारीक करणार आहे? ती अस्तराआधीही पूर्ण चालू होती आणि अस्तरानंतरही पूर्ण चालू राहते. इंधन वाचलं शून्य. पण पाण्याच्या बाटलीत सकाळी बर्फ होत नाही आणि माणसाला झोप लागते. अस्तराचा पैसा वसूल झालाच, फक्त तो डिझेल-रॉकेलच्या रकान्यात दिसत नाही. तुमच्या मॉडेलमध्ये "हवं ते तापमान मिळालं नाही असे तास" हा रकाना हवाच हवा, नाहीतर ही गोष्ट तुम्हाला कधीच दिसणार नाही.

आता त्याच मापाचा निवारा 50 मिलिमीटर पफ पॅनेलचा, म्हणजे मधे फोम भरलेल्या पत्र्यांचा करा. आपण दुधाच्या कोल्डरूमला लावतो तेच पॅनेल. यू-व्हॅल्यू 0.45 च्या आसपास. भिंती-छपरातून जाणारी उष्णता थेट 1.1 किलोवॅटवर येते. हवेचे 2.4 मिळवा, माणसांचे 0.9 वजा करा, उरतात 2.6. आता बुखारीला 10 अंश गाठता येतात, ती बारीक करावी लागते, आणि तासाला अर्ध्या लिटरात काम भागतं. हवं ते तापमान गाठलं जातं तिथून पुढं इंधनाची बचत सुरू होते. त्याच्या अलीकडं जे काही कराल ते माणसाच्या सुखात जमा होतं.

तुमच्या प्रोजेक्टचा गाभा मला विचाराल तर हा उंबरठा आहे. कुठल्या निवाऱ्याला, कुठल्या तापमानाला तो ओलांडला जातो याचा एक आलेख काढलात, तरी सर वही परत पाठवणार नाहीत.

पफच्या हिशोबात अजून एक गोष्ट दिसली असेल. भिंतीतून 1.1 आणि हवेतून 2.4. म्हणजे पुढची बचत फटी बुजवण्यात आहे असं वाटतं. थांबा. श्वासासाठी माणशी सेकंदाला 7-8 लिटर ताजी हवा धरतात. 12 जणांची होते तासाला तीनशे-साडेतीनशे घनमीटर, म्हणजे तीन-साडेतीन वेळा हवाबदल. आपण धरलेले चार त्याच्या जवळच आहेत! फटी बुजवून एक हवाबदल दाखवलात तर तुमचं मॉडेल कागदावर रॉकेल वाचवतंय आणि तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठवतंय. बुखारीचं धुराडं बर्फानं किंवा काजळीनं तुंबलं आणि फटी बुजवलेल्या असल्या, तर झोपेतली माणसं उठत नाहीत. वास येत नाही, धूर दिसत नाही. हवाबदलाच्या आकड्याला खालची मर्यादा घाला आणि सॉफ्टवेअरला ती ओलांडू देऊ नका. जाणाऱ्या हवेची उष्णता येणाऱ्या हवेला देणारं यंत्र बसवायचं असेल तर बसवा, पण त्याचा पंखा आणि त्यावर जमणारं बाष्पाचं बर्फ दोन्ही हिशोबात घ्या.

बुखारीबद्दल एक जवळून बघितलेली गोष्ट सांगतो, कारण ती कुठल्याही कॅटलॉगमध्ये सापडणार नाही. बुखारीच्या डोक्यावर कायम एक पत्र्याचा डबा असतो, आणि त्यात बर्फ. दर तासा-दोन तासांनी पहाऱ्यावरून आलेला गडी आत येतो, पडदा उघडा राहतो, तो हातमोजे काढून धुराड्याच्या तारेवर अडकवतो, मग डब्यातलं पाणी ओतून घेतो आणि बाहेरून आणलेला बर्फ परत भरतो. उणे 15 च्या एक लिटर बर्फाचं 10 अंशांचं पाणी करायला साधारण 400 किलोज्यूल लागतात, म्हणजे 0.11 युनिट. दिसायला किरकोळ. पण माणशी 10 लिटर धरलं तर 12 जणांचे दिवसाला साडेतेरा युनिट, बुखारीच्या हिशोबात अडीच लिटर रॉकेल. वर मोजे-हातमोजे वाळवायचे, चहाचं पाणी उकळायचं ते वेगळंच. म्हणजे जे इंधन तुम्ही "हीटिंग" म्हणून लिहिताय, त्यात पाणीपुरवठा आणि धोबीघाटही आहे. आणि उद्या कुणी भारी हीटर दिला ज्याच्या डोक्यावर डबा ठेवता येत नाही, तर बर्फ वितळवायला दुसरीकडं स्टोव्ह पेटणारच. मॉडेल म्हणेल बचत झाली, स्टोअरचा हिशोब म्हणेल नाही झाली.

बुखारीतही सुधारणा झाल्यात. डीआरडीओच्या दिल्लीतल्या डीपास प्रयोगशाळेनं "हिम तापक" नावाचं सुधारित उपकरण केलं, त्यात इंधन कमी आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका टाळलेला, असा दावा आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये सोनम वांगचुक यांनी जवानांसाठी उन्हावर तापणारा तंबू दाखवला. रात्री दहाला बाहेर उणे 14 असताना आत अधिक 15 असल्याचं त्यांनी सांगितलं होतं. हा तंबू प्रोजेक्टमध्ये घेणार असाल तर एक सावधगिरी बाळगा. साध्या कापडाच्या तंबूत उष्णता साठत नाही, म्हणून प्रत्येक तास वेगळा सोडवला तरी चालतं. उन्हावरच्या तंबूत दिवसाची उष्णता रात्रीसाठी साठवलेली असते. तिथं मागच्या तासाचं तापमान पुढच्या तासात न्यावं लागतं, नाहीतर त्याची सगळी करामत तुमच्या एक्सेलमधून गळून जाईल.

विजेचा हीटर घ्यायचा विचार असेल तर आधी हे बघा. एक लिटर डिझेल जनरेटरमधून गेलं की चांगल्या लोडवर जेमतेम तीन युनिट वीज मिळते, आणि हीटर त्याची तीनच युनिट उष्णता करतो. तेच इंधन बुखारीत साडेपाच देतं. बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारा उष्णतापंप उणे 15 ला एका युनिट विजेत दोन युनिट उष्णता देत असेल तर सहा, म्हणजे बुखारीच्या बरोबरीला आला. आणि जनरेटरच्या रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जी उष्णता बाहेर बर्फावर फेकली जाते तीही यांच्या तोडीची आहे. तिचा उपयोग करणारा एखादा पर्याय मॉडेलमध्ये टाका, परीक्षकाला आवडेल.

वाळवंटाकडं येऊ. तंबू तोच. बाहेर 44, आत 27 हवेत, फरक 17. कापडातून 10.2 किलोवॅट. हवेतून 2.1. माणसं जागी, दमट श्वास-घामासकट दीड. आणि ऊन! दुपारी छपरावर दर चौरस मीटरला 900 वॅटच्या आसपास पडतं. खाकी कापड त्यातलं 70 टक्के पितं, आणि छपराला जणू बाहेर 31 अंश जास्त आहेत असं वाटतं. 44 चौरस मीटर छपरातून त्याचे आले 8.2. एकूण 22 किलोवॅट, म्हणजे टनाला साडेतीन किलोवॅट धरून सव्वासहा टन. तुम्ही धरलाय 2 टन.

नेमप्लेटवरचे 2 टन हे बाहेर 35 अंश असतानाचे. पंचेचाळीस अंशांना कंडेन्सरला, म्हणजे एसीच्या बाहेरच्या जाळीला, उष्णता फेकायला जागा उरत नाही. 7 च्या जागी 6 किलोवॅट गारवा मिळतो आणि वीज मात्र वाढते. सीओपी, म्हणजे एका युनिट विजेत मिळणारा गारवा, 3 वरून सव्वादोन-अडीचवर येतो, जाळीत वाळू बसली की अजून खाली. त्या 6 किलोवॅटमध्ये आपल्या तंबूचं दुपारचं तापमान काढून बघा, येतं 48-49. बाहेरपेक्षा चार-पाच अंश जास्त, एसी चालू असून! एसी नसता तर 56-57 झालं असतं. आता छपरावर हात-दीड हात अंतर सोडून दुसरं कापड ताणा, मधून वारा जाऊ द्या. उन्हाचा भार 8.2 वरून 2 पर्यंत आला तर आत 40. शिवाय आतून अस्तर लावलं तर 35 च्या आसपास. एसी तोच, वीजही तितकीच. बुखारीचाच किस्सा उलट्या बाजूनं. कंप्रेसर मधेमधे थांबायला लागेपर्यंत डिझेल वाचत नाही.

हे मी निव्वळ कागदावर सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात जुन्या बाजारातून घेतलेला कापडी तंबू घराच्या गच्चीवर ठोकला, दीड टनाचा एसी लावला आणि शाहूपुरीतून आणलेलं एनर्जी मीटर जोडलं. कोल्हापूरचा मे म्हणजे राजस्थानपुढं माहेरच. तरीही दुपारी बारा ते पाच कंप्रेसर एकदाही बंद झाला नाही. दुसऱ्या दिवशी वर शेडनेट ताणली आणि तीन वाजल्यापासून तो मधेमधे थांबायला लागला. मंडळी म्हणाली, घरात पंख्यावर बसायचं आणि तंबूला एसी. त्यांचं बरोबर होतं, पण मीटरवरचा तो फरक मला कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवून गेला.

आता जनरेटर. तुमच्या वहीतली सगळ्यात मोठी चूक इथं आहे, आणि ती एसीपेक्षा महाग आहे. तुम्ही दर युनिटला ठरावीक लिटर धरलेत. जनरेटर तसा वागत नाही. नुसता फिरत राहायलाच तो इंधन खातो. ढोबळ सूत्र असं: तासाचं इंधन म्हणजे 0.08 गुणिले जनरेटरची किलोवॅट क्षमता, अधिक 0.25 गुणिले प्रत्यक्ष लोड. मॉडेलनुसार आकडे थोडे हलतात, आकार हाच राहतो.

50 केव्हीएचा सेट म्हणजे 40 किलोवॅट. त्यावर तीन एसी, दिवे, चार्जिंग मिळून 8 किलोवॅट लोड. इंधन 3.2 अधिक 2, म्हणजे तासाला 5.2 लिटर. तेच 8 किलोवॅट 15 केव्हीएच्या सेटवर टाका, तिथं क्षमता 12 किलोवॅट: 0.96 अधिक 2, जवळजवळ तीन लिटर. दिवसाला पन्नासच्या वर लिटरचा फरक, एसीला हात न लावता. आता उलट करून बघा. मोठा सेट ठेवून एसीची 2 किलोवॅट वीज वाचवलीत, म्हणजे लोड पाव भागानं कमी झाला. डिझेल कमी झालं फक्त अर्धा लिटर, दहा टक्क्यांच्या आत. कार्यक्षम एसी घेऊन डिझेल का कमी होत नाही, या तक्रारीचं उत्तर निम्म्या वेळा इथंच असतं.

आपल्याकडं लग्नाच्या एसी मंडपात हेच चालतं. वऱ्हाड यायच्या आधी दोन तास रिकाम्या मंडपासाठी भला मोठा सेट गुरगुरत असतो, आणि भाडं तासावर म्हणून कुणाला पर्वा नाही. तळावर मोठा सेट ठेवायची कारणं मात्र खरी असतात. एसी सुरू होताना करंट झटक्यात वाढतो, एक सेट बंद पडला तर दुसऱ्यानं सगळं उचलायला हवं, आणि उंचीवर इंजिनाची ताकद उतरते. टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन दर 300 मीटरला तीन टक्क्यांच्या आसपास गमावतं, साडेतीन हजार मीटरवर एक तृतीयांशाच्या आसपास गेलं. त्यामुळं "लहान सेट लावा" एवढं लिहून सुटका नाही. दोन-तीन लहान सेट लोडप्रमाणं चालू-बंद करणं, इन्व्हर्टर एसीनं सुरुवातीचा झटका कमी करणं, मधे बॅटरी ठेवणं, यांची तुलना करा. फार कमी लोडवर सेट दिवसेंदिवस चालवला तर न जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये काळं ओघळायला लागतं. ते पुसत बसायचं काम मी केलंय, म्हणून आठवणीनं सांगतोय. बॅटरी घेतलीत तर थंडीत तिची क्षमता उतरते तेही धरा.

थंडीत अजून एक चोरटा खर्च असतो. इंजिन रात्री थंड पडलं तर सकाळी सुरू होत नाही, म्हणून ते चालूच ठेवायचा मोह होतो. साधं डिझेल कडाक्यात मेणासारखं घट्ट होतं. लडाखसाठी इंडियन ऑइलनं नोव्हेंबर 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं खास डिझेल आणलं ते याचसाठी. पण रात्रभर नुसतं फिरणारं इंजिन ही सवय इंधन बदलून लगेच जात नाही. तिचा वेगळा रकाना करा.

आतापर्यंतचं एका ओळीत बांधायचं तर क्रम असा आहे: तासाचं हवामान, त्यावरून निवाऱ्याची गरज, त्यावरून यंत्र प्रत्यक्षात किती देऊ शकतं आणि किती वीज ओढतं, सगळ्या तंबूंची बेरीज करून जनरेटरवरचा लोड, आणि शेवटी टाकीतलं इंधन. तुमची वही मधूनच सुरू होऊन मधेच संपली होती.

पैशाचं. पंपावरचा भाव लावू नका. लडाखच्या वाटेवरचा झोजिला घाट हिवाळ्यात बर्फानं बंद व्हायचा, म्हणून लडाखमध्ये हिवाळ्याचा साठा उन्हाळ्यातच भरून ठेवायची रीत पडली. तिथं पोचलेल्या लिटरात ट्रकचं डिझेल आहे, काही ठिकाणी हेलिकॉप्टरचंही, आणि ते वाहणारी माणसं. पण इथं दुसऱ्या टोकाला जाऊ नका. 2011 मध्ये अमेरिकेचे निवृत्त ब्रिगेडियर जनरल स्टीव्हन अँडरसन यांनी सांगितलं, की इराक-अफगाणिस्तानात एसीवर वर्षाला 20.2 अब्ज डॉलर जातात. वाहतूक, संरक्षण, रस्ते सगळं त्यात धरलेलं. पेंटागॉननं, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्यानं, ते फेटाळलं आणि जगभरच्या सगळ्या लष्करी कारवायांचा 2010 चा ऊर्जाखर्चच 15 अब्जांच्या आसपास असल्याचं सांगितलं. यात कुणी खोटं बोलत होतं असं मला वाटत नाही, दोघांनी रेघ वेगवेगळ्या ठिकाणी मारली होती. ताफ्याच्या रखवालीचा खर्च एसीच्या खात्यावर टाकायचा का? एसी बंद केला तर तो ताफा खरंच कमी होणार का? तुम्ही लिटरमध्ये उत्तर द्या, आणि रुपये काढलेच तर रेघ कुठं मारली ते त्याच पानावर लिहा. त्याच अमेरिकेच्या लष्करी अभ्यासानं 2009 मध्ये अफगाणिस्तानातल्या दर 24 इंधन ताफ्यांमागं एक माणूस जखमी किंवा ठार, असं गणित मांडलं होतं. ताफे किती कमी झाले, हा आकडा रुपयांपेक्षा जास्त बोलतो.

आता तुमचं सॉफ्टवेअर. आधी एक्सेल. वर्षाचे 8,760 तास म्हणजे तेवढ्या ओळी, तुमचा लॅपटॉप सहज पेलेल. कुठल्याही अक्षांश-रेखांशाचं तासाचं तापमान, ऊन आणि वारा नासाच्या पॉवर संकेतस्थळावर फुकट मिळतं. डोंगराळ भागात त्याचा एक चौकोन मोठा असतो, दरी आणि शिखर एकाच आकड्यात येतात, म्हणून उंचीप्रमाणं तापमान दुरुस्त करून घ्या. एक्सेलचं उत्तर समजलं की मग इमारतींच्या ऊर्जेचा हिशोब करणाऱ्या एनर्जीप्लस सॉफ्टवेअरकडं जा, तेही फुकट आहे. थेट तिथं गेलात तर ते तुमच्या तंबूला पक्क्या इमारतीसारखं समजून घेईल, फटींचा आकडा आपल्या मनानं भरेल, आणि तुम्हाला रंगीत आलेख देईल जो का तसा आलाय हे तुम्ही सरांना सांगू शकणार नाही.

उत्तर एका आकड्यात देऊ नका. यू-व्हॅल्यू, हवाबदल, हवं ते तापमान, जनरेटरचा आकार, प्रत्येक गोष्ट पाव भागानं वर-खाली करून बघा आणि लिटर किती हलतात ते लिहा. माझा अंदाज, कापडाच्या तंबूत हवं ते तापमान बदलून काही हलणार नाही, जनरेटरचा आकार बदलून खूप हलेल. चुकीचा ठरलो तर कळवा.

आणि काहीतरी मोजा. खरा तळ मिळणार नाही, पण तंबू मिळतो, जनरेटर भाड्यानं मिळतो, तापमानाची नोंद ठेवणारे छोटे लॉगर ऑनलाइन स्वस्तात मिळतात. लॉगर तीन उंचीवर लावा, पायाशी, कमरेशी आणि डोक्यावर. गरम तंबूत डोक्याला घाम आणि पायाला गारठा एकाच वेळी असतो, "आतलं तापमान" असा एकच आकडा लिहिताना ते विसरायला होतं. गच्चीवरचा तंबू मी अजून मोडलेला नाही, पाऊस उघडल्यावर वापरायचा असेल तर मेसेज करा. डिझेल मोजायला फ्लोमीटर परवडत नसेल तर टाकीत बुडवून पातळी बघायची डिपस्टिक चालते, तासांचं मीटर आणि डिपस्टिक दोन्ही एकाच वेळी वहीत लिहायचं. फक्त सेट सपाट जागेवर आहे ना ते आधी बघा. डिपस्टिकनं घेतलेला माझा पहिल्या आठवड्याचा सगळा डेटा वाया गेला, कारण गच्चीला पाणी जायला उतार दिलेला असतो हे गवंड्याला माहीत होतं, मला आठवलं नाही.